‘हत्यार’ आणि ‘सुटा भाग’ : शस्त्रकायद्यातील एका व्याख्येचा इतिहास

वर्धा नदीवरील लोहमार्गाच्या पुलावरून ज्या गावाला नाव मिळाले, त्या पुलगावात शस्त्रे आणि यंत्रे यांचा सहवास फार निकटचा आहे. कापसाच्या मुलखातील हे गाव प्रथम रेल्वेमुळे व सूतगिरणीमुळे वाढले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आले आणि देशातील सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होऊ लागली. यंत्रे दुरुस्त करणारा कामगार, भांडारात राबणारा मजूर आणि रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी हे तिघेही येथे एकाच बाजारात भेटतात. लोखंडाचा एखादा तुकडा, पितळेची एखादी रिकामी नळी, एखादी कमान या वस्तू तिघांच्याही हातांत येऊ शकतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा तुकडा कोणाच्या हाती भंगार ठरतो, कोणाच्या हाती अवजार ठरतो आणि कोणाच्या हाती शस्त्र ठरतो. लोखंडाचा तुकडा शस्त्र केव्हा होतो, हा प्रश्न वरकरणी वकिलांचा दिसला तरी तो इतिहासाचा आणि काही अंशी भाषेचाही आहे. भारतीय कायद्याने दिलेल्या त्याच्या उत्तराचा मागोवा घेणे हा या लेखाचा विषय होय.

आरंभ मराठी शब्दापासूनच करणे सोयीचे. ‘हत्यार’ हा शब्द प्राकृतातील ‘हत्थ’ म्हणजे हात या शब्दाशी निगडित आहे. मराठीत त्याचा अर्थ तलवार, भाला वा बंदूक असा होतो, तसाच तो सुताराचा पटाशी-रंधा व लोहाराचा हातोडा-सांडस असाही होतो. ‘हत्यारबंद शिपाई’ आणि ‘गवंड्याची हत्यारे’ हे दोन्ही प्रयोग कोणाही मराठी माणसाला सारखेच स्वाभाविक वाटतात. खंडेनवमीस शिपाई आपल्या तलवारीची पूजा करतो आणि कारागीर आपल्या अवजारांची. यंत्रशाळेत त्या दिवशी लेथला हळदकुंकू व फूल वाहिले जाते. संस्कृतातील ‘शस्त्र’ शब्दाला हा दुहेरी अर्थ इतक्या सहजपणे पेलत नाही. आज अधिनियमाच्या मराठी नावात ‘शस्त्र’ हा शब्द आहे. पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या मराठीत मात्र ‘भारतीय हत्यार कायदा’ हेच नाव रूढ राहिले. या कायद्याच्या जुन्या व्याख्येशी विद्वानांच्या शब्दापेक्षा बाजारातला शब्दच अधिक इमान राखतो, हे पुढे दिसून येईल.

बंदुकीशी मराठी मुलखाची ओळख सोळाव्या शतकापासून दृढ झाली. तिच्या शब्दसंपत्तीत या ओळखीच्या वाटा अजून शाबूत आहेत. ‘तोफ’ तुर्की, ‘बंदूक’ अरबी, ‘दारू’ फारसी, आणि ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ पोर्तुगीज. परंतु आयात केवळ शब्दांची झाली असे समजणे चुकीचे ठरेल. गोवा जिंकल्यानंतर अल्पावधीतच, इ. स. १५१३ मध्ये, आफोन्सो द अल्बुकर्क याने पोर्तुगालच्या राजाला कळविले की, गोव्याचे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवितात. त्यांपैकी एक कारागीर त्याने राजाकडे पाठविलाही. भारतीय व पोर्तुगीज धाटणींच्या मिश्रणातून सिद्ध झालेली ही तोड्याची बंदूक पुढे जपानपर्यंत गेली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द ब्वान्यने आग्र्यास तोफा-बंदुकांचा कारखाना उभा केला. तेथे सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली देशी कारागीर पलटणींसाठी बंदुका बनवीत.

या कारागिरांनी बंदुकीचे जे भाग कल्पिले, त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. नळी, दस्ता, कुंदा, गज, तोडा, चाप, घोडा, कान, रंजक. यांतील ‘दस्ता’ व ‘कुंदा’ फारसीतून आले. पण ‘घोडा’ आणि ‘कान’ ही नावे घरचीच, प्राण्यांवरून व शरीरावरून घेतलेली. ‘चाप’ हा मूळचा धनुष्यवाचक शब्द बंदुकीच्या कळीला लागला, असे मानण्यास जागा आहे. तसे असल्यास एका शस्त्राचे नाव दुसऱ्याच्या एका भागाला मिळाल्याचे ते उत्तम उदाहरण ठरेल. नेम या अर्थाने वापरला जाणारा ‘शिस्त’ शब्द बंदूक मागे पडल्यावर शाळेत शिरला आणि तेथेच स्थिरावला. ‘चाप लावणे’, ‘फुसका बार’, ‘बत्ती देणे’ हे वाक्प्रचार तर ज्यांनी आयुष्यात बंदुकीला स्पर्श केलेला नाही, त्यांच्याही तोंडी आहेत. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे, यावरून राज्यकारभारालाही या शब्दसमूहाचे महत्त्व पटले होते हे कळते. मुद्दा असा की, येथील प्रत्येक भागाचे नाव त्या भागाच्या कामावरून वा रूपावरून पडले आहे. कोणता भाग ‘मुख्य’ आणि कोणता ‘किरकोळ’ हा भेद या नावांत नाही. तो करण्याची गरज कारागिराला कधी भासलीच नव्हती. ती गरज निर्माण केली कायद्याने.

सन १८५७ च्या उठावानंतर सरकारने प्रथम त्याच वर्षी आणि पुन्हा १८६० मध्ये शस्त्रांची निर्मिती, आयात व विक्री यांवर निर्बंध घालणारे कायदे केले. त्यांची परिणती लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या अकराव्या अधिनियमात झाली. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही याच वर्षीचा, हा योगायोग मानणे कठीण आहे. या शस्त्रकायद्यातील ‘शस्त्रे’ या शब्दाची व्याख्या काळजीपूर्वक वाचली पाहिजे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण व तोफा यांच्या जोडीला तिने दोन गोष्टी शस्त्रांत अंतर्भूत केल्या : शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे निर्माण करण्याची यंत्रसामग्री. परवान्यावाचून शस्त्र घडविणे, त्यात फेरफार करणे अथवा ते विकणे हे गुन्हे ठरले, आणि या व्याख्येमुळे भाग व यंत्र यांनाही तोच नियम लागू झाला. युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना मात्र नियमांद्वारे मोकळीक मिळाली.

ही व्याख्या म्हणजे कायद्याच्या पोशाखातील ‘हत्यार’ शब्दच होय. शस्त्र आणि ते घडविणारे अवजार यांना तिने एकाच नावाखाली आणले. मराठी शब्दात हा संयोग हाताच्या गौरवातून झाला होता; कायद्यात तो हाताच्या भयातून झाला. सरकारला बंदूक हवी होती त्यापेक्षा बंदूक घडविण्याची विद्या आपल्या मुठीत हवी होती. बंदूक जप्त करता येते. विद्या जप्त करता येत नाही, म्हणून तिची साधने व्याख्येत घातली गेली.

या अन्यायाविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच शस्त्रकायद्याबाबत ठराव केले. नागपुरात १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी उघडपणे तलवारी घेऊन फिरण्याचा सत्याग्रह आरंभिला. पुढे ‘जनरल आवारी’ याच नावाने ते ओळखले जाऊ लागले. शस्त्र हाती घेऊन होणारा सत्याग्रह हा सत्याग्रह नव्हे, असे म्हणून गांधीजींनी त्यास संमती नाकारली. तथापि, ज्यांनी नंतर वर्धा जिल्ह्यालाच आपले निवासस्थान केले, त्या गांधीजींनीही जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत ही मागणी होती. कराचीच्या १९३१ च्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. तोच धागा धरून मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला : असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरांनाही तो सांगता येईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

या सत्तर वर्षांच्या वादात एक गोष्ट नजरेत भरते. सर्वांचा विचार शस्त्र ‘बाळगण्या’भोवती फिरत राहिला. शस्त्र ‘घडविण्या’विषयी, म्हणजे ज्याच्या हातचा धंदा गेला त्या लोहार-शिकलगाराविषयी, या ठरावांत आणि दुरुस्त्यांत काहीच आढळत नाही. परवान्याची मागणी करणारा वर्ग सुशिक्षित होता. त्याला बंदूक विकत घ्यावयाची होती. ‘शिकलगार’ हा शब्द मूळचा शस्त्राला धार व झळाळी आणणाऱ्याचा. त्याच्यासाठी कोणी ठराव मांडला नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव नोंदविली पाहिजे, कारण स्वतंत्र भारताच्या कायद्यात ती जशीच्या तशी उतरली.

स्वराज्य आल्यावर दोन परस्परविरोधी प्रवाह सुरू झाले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था उघडू लागल्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट ही नावे खेड्यापाड्यांत पोचली. कानशीने पृष्ठभाग समपातळीत आणणे, मापकाने व्यास तपासणे, लेथवर दंडगोल कातणे, भोक पाडून आटे काढणे ही कामे शेतकऱ्यांची मुले वर्षा-दोन वर्षांत शिकू लागली. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा लेथ लहानसहान यंत्रशाळांतून दिसू लागला. म्हणजे १८७८ च्या सरकारला ज्या विद्येचे भय होते, ती विद्या आता सरकार स्वतःच शिकवू लागले. दुसरीकडे १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रांची निर्मिती राज्याच्या अखत्यारीतील उद्योगांत टाकली; खाजगी परवानाधारकांना मुख्यतः साध्या नळीच्या व ठासणीच्या बंदुकांपुरते क्षेत्र उरले. मुंगेरच्या कारखान्यांचा इतिहास मीर कासीमच्या काळापर्यंत मागे नेतात. तेही याच मर्यादेत अडकले.

अशा परिस्थितीत १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याची व्याख्या जुन्या व्याख्येहून सुधारलेली आहे. केवळ घरगुती वा शेतीच्या वापराच्या वस्तू, काठी, खेळणी यांना तिने वगळले. परंतु ‘भाग’ आणि ‘निर्माण करण्याची यंत्रसामग्री’ हे दोन्ही शब्द तिने कायम ठेवले. किंबहुना घडविणे, विकणे व फेरफार करणे यांच्या जोडीला ‘दुरुस्ती’ हीही परवान्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणली. नळी आखूड करणे किंवा नकली बंदुकीची खरी बंदूक करणे यांसाठी निराळे कलम घातले.

या कठोर व्याख्येला कायद्यानेच दोन खिडक्या ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्ही पंचेचाळिसाव्या कलमात आहेत. पहिली : दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले वा नादुरुस्त शस्त्र. दुसरी : शस्त्रांचे वा दारूगोळ्याचे ‘किरकोळ भाग’, जर ते पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसेल तर. पहिल्या खिडकीत प्रश्न उरतो तो कोणाच्या दुरुस्तीचा? वाड्याच्या माळ्यावर गंजलेली ठासणीची बंदूक गावच्या लोहाराला दुरुस्त करता येणार नाही. मुंगेरच्या मिस्त्रीला कदाचित येईल. एकाच वस्तूचे स्वरूप तिच्याजवळ उभ्या असलेल्या हाताच्या कौशल्यावरून बदलते. दुसऱ्या खिडकीत कायद्याने कौशल्याऐवजी हेतूचा आधार घेतला. पण ‘किरकोळ’ म्हणजे काय हे सांगितले नाही. या मौनातून पुढे विलक्षण वाद उपजले : विमानतळावर एखाद्या प्रवाशाच्या पिशवीत एकटे काडतूस सापडले, तर ते दारूगोळा की दारूगोळ्याचा किरकोळ भाग, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०१२ मध्ये व त्यानंतरही आला, आणि काही प्रकरणांत या कलमाचा लाभ आरोपीस मिळाला.

याच अधिनियमाने शेतकऱ्याला एक विशेष स्थान दिले आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद तेराव्या कलमात आहे. विदर्भात, जेथे रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवितात, तेथे या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. परंतु बंदूक परवान्याने मिळाली तरी तिचा घोडा सैल झाला म्हणजे तो बसवून घेण्यासाठी परवानाधारक कारागीरच गाठावा लागतो. गावातील लेथवाल्याने ते काम हाती घेतले तर गुन्हा घडतो. कायद्याची ही बाजू अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही. सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव वृत्तपत्रांत वारंवार येते ते चोरट्या पिस्तुलांच्या निर्मितीसाठी. ‘गावठी कट्टा’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो अशाच बातम्यांतून, आणि त्याच्या गोळीला बळी पडलेल्यांची दुःखे काल्पनिक नाहीत. तरीही हे विसरता येत नाही की, ज्या कौशल्याला उजेडात जागा नाही ते अंधारात जाते. ‘गावठी’ या विशेषणात आज जो तुच्छतेचा सूर आहे, तो गोव्याच्या १५१३ मधील कारागिराला लावता आला नसता.

भागाच्या व्याख्येचा हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेत १९३८ च्या संघीय कायद्याने बंदुकीच्या कोणत्याही भागाला बंदूक मानले होते. प्रत्येक खिळ्या-कमानीची नोंद ठेवणे अशक्य आहे असे अनुभवास आल्यावर १९६८ च्या कायद्याने फक्त सांगाडा, म्हणजे ज्यात बाकीचे भाग बसतात ती चौकट, नियंत्रणाखाली ठेवली. त्या देशात स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक घडविण्यास संघीय कायद्याची सामान्यतः मनाई नाही; कित्येक राज्यांनी मात्र स्वतंत्र निर्बंध घातले आहेत. त्यामुळे घरच्या गॅरेजात, लहानशा लेथवर वा नुसत्या कानशीने, हौस म्हणून बंदुकीचे काम करणारा नवशिका हा तेथे एक सामाजिक प्रकारच झाला. व्यापाऱ्यांनी त्याला अर्धवट घडविलेली चौकट विकण्यास आरंभ केला : पूर्ण नसल्यामुळे ती बंदूक नाही, म्हणून तिच्यावर क्रमांक नाही आणि खरेदीदाराची चौकशीही नाही. २०२२ च्या नियमाने ही वाट अडविली. अपुरी वस्तू ‘सहज’ पूर्ण करता येते काय हे ठरविताना लागणारा वेळ, साधने, श्रम व करणाऱ्याचे ज्ञान यांचा विचार करावा, असे त्यात सांगितले गेले. नवशिक्याच्या हाताचे कौशल्य हे अशा रीतीने कायद्याचे माप बनले. ब्रिटनमध्ये ‘घटक भाग’ हा शब्द दीर्घकाळ व्याख्येवाचून वापरात होता. २०१७ च्या कायद्याने नळी, चौकट व स्फोटाचा दाब सोसणारी यंत्रणा अशी त्याची निश्चिती केली. युरोपीय संघानेही त्याच वर्षी आवश्यक घटकांची यादी दिली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी उपरोक्त नियम उचलून धरला. या निर्णयात न्यायमूर्ती गोरसच यांनी मांडलेला विचार भाषेच्या अभ्यासकांना विशेष रोचक वाटेल. मानवनिर्मित वस्तूंची नावे, असे त्यांनी दाखविले, अपुऱ्या वस्तूलाही लागतात : लेखक आपल्या अपुऱ्या हस्तलिखिताला कादंबरी म्हणतो, दुकानातून सुट्या फळ्यांच्या रूपात आणलेल्या मेजाला आपण मेजच म्हणतो. पूर्वी असा संच कधी न पाहिलेल्या माणसाने सामान्य अवजारांनी एकवीस मिनिटांत बंदूक तयार केल्याची नोंदही त्या निकालात आहे.

भारतीय परंपरेला हा विचार अपरिचित नाही. भर्तृहरीने कर्माचे निर्वर्त्य, विकार्य व प्राप्य असे प्रकार सांगितले. कुंभार ‘घट करतो’ असे आपण म्हणतो तेव्हा घट अजून नसतो. तरी क्रियेचे कर्म घटच, माती नव्हे. मराठीत ‘घर बांधायला काढले’ असे म्हणताना पायाही खणलेला नसेल. शस्त्रकायद्यातील घडविणे, फेरफार करणे आणि बाळगणे ही तीन क्रियापदे या तिन्ही प्रकारांशी चांगली जुळतात. फरक इतकाच की, व्याकरणाला कर्त्याच्या विवक्षेवर विसंबता येते. फौजदाराला पंचनाम्यात विवक्षा लिहिता येत नाही, वस्तू लिहावी लागते.

भारतात अलीकडे झालेल्या बदलांचा ओघ वस्तूच्या ओळखीकडे आहे. जुन्या नियमांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकांवरील ओळखचिन्हे आणि परवानाधारकांची देशव्यापी नोंद यांवर भर दिला. १९८३ पासून एका व्यक्तीस तीन बंदुका बाळगता येत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आणली, बेकायदा निर्मितीची शिक्षा वाढवून जन्मठेपेपर्यंत नेली आणि क्रमांक नसलेल्या शस्त्रांच्या व्यवहाराला बेकायदा व्यापार म्हणून स्वतंत्र शिक्षा सांगितली. ‘किरकोळ भाग’ हा शब्दप्रयोग मात्र या साऱ्या दुरुस्त्यांतून जसाच्या तसा राहिला.

पुलगावात या शब्दांना निराळेच वजन आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे दारूगोळा भांडारात भडकलेल्या आगीने दोन अधिकाऱ्यांसह अनेकांचा बळी घेतला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्याच सोनेगाव आबाजी येथील मैदानावर मुदतबाह्य दारूगोळा निकामी करण्याचे काम चालू असता स्फोट झाला व सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत रोजंदारीवर राबणारे आसपासचे मजूरही होते. त्यांच्या दृष्टीने त्या पेट्यांतील माल म्हणजे उचलावयाचे ओझे होते. तो माल कायद्याच्या भाषेत दारूगोळा होता, आणि तो निकामी झाल्यावर उरणारे पितळ बाजारभावाने भंगार ठरणार होते.